मगर शेवटी बघावी

पावसाळा लागून नद्यांना लाल पाणी आलं की सिंधुदुर्गात एक फोटो हमखास फिरू लागतो. फोटो दरवर्षी वेगळा, मजकूर मात्र बहुधा तोच: आपल्या खाडीत वीस फुटी मगर सापडली, पोरांना पाण्यात पाठवू नका, हा मेसेज सगळ्यांना पाठवा. खाडी कुठली ते पाठवणाऱ्याच्या गावावर ठरतं. मसुऱ्याच्या माणसासाठी ती कालावलची असते, देवबागच्या माणसासाठी कर्लीची, आणि बांद्याला पोचेपर्यंत तेरेखोलची झालेली असते. फोन हातोहात फिरतो, कोणीतरी विचारतं, "ह्यां खरां काय रे?" आणि लगेच दोन तट पडतात. एकाच्या आजोबांनी याहून मोठी बघितलेली असते. दुसऱ्याला फोटो उघडण्याआधीच तो फोटोशॉप असल्याचं कळलेलं असतं. मतं दोन्ही ठाम, आणि फोटोकडे कोणीच धड बघितलेलं नसतं.

मला वाटतं, अशा फोटोला कवितेइतका वेळ द्यावा. तो खोटा निघाला तरी वेळ वाया जात नाही. खोटा फोटोही कोणीतरी रचलेला असतो आणि ती रचना उलगडण्यात मजा असते. अट एकच, मगर शेवटी बघायची. आधी मजकुरातला आकडा, मग माणसं, त्यांचे पाय, जमीन, पाणी, सावल्या, आणि हे सगळं बघून झाल्यावर जनावर. डोळा आपोआप उलट क्रमाने जातो. फसवणाऱ्याचं पोट त्यावरच चालतं.

तर आधी आकडा. वीस फूट म्हणजे किती, याचा अंदाज येण्यासाठी फिलिपाइन्सला जावं लागतं. सप्टेंबर २०११ मध्ये मिंदानाओ बेटावरच्या बुनावान गावाजवळ एक नर पकडला गेला. खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या जातीचा. त्याचं नाव ठेवलं लोलाँग. पकडल्यावर एकवीस फुटी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. दोन महिन्यांनी ॲडम ब्रिटन या मगरतज्ज्ञाने तिथे जाऊन टेप लावली तेव्हा लांबी भरली ६.१७ मीटर, म्हणजे २० फूट ३ इंच. वजन १,०७५ किलो. बंदिवासात मोजलेली जगातली सगळ्यात मोठी मगर म्हणून त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो मेला. आता कालावलच्या खाडीत वीस फुटी मगर असल्याचा मजकूर परत वाचावा. ज्याने तो लिहिला त्याने नकळत जागतिक विक्रमाला हात घातलाय, आणि त्याची खबर वन खात्याच्या आधी वाडीतल्या ग्रुपला लागलीये. फोटो न उघडताच एवढं कळतं.

लोलाँगच्या फोटोंवरही सुरुवातीला शंका घेतली गेली होती, आणि ते साहजिक होतं. पण त्या फोटोंत माणसं बघावीत. दोरखंडांनी जखडलेल्या त्या धुडाभोवती गर्दी आहे, मागून वाकून बघणारी, दोन्ही बाजूंनी रेटणारी. ज्या फोटोत माणसं जनावराच्या चारी अंगांना आहेत, आणि कोणाचा तरी हात त्याच्या अंगावर टेकलेला आहे, तिथे अंतराची चलाखी चालत नाही. हात टेकला की माणूस आणि मगर एका जागी आले, आणि माणूस मोजपट्टी झाला.

अंतराची चलाखी म्हणजे काय, ते मालवणच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव चालू असताना मुंबईहून आलेला एखादा पाहुणा सुरमई विकत घेतो आणि दोन्ही हात पुढे ताणून ती कॅमेऱ्यासमोर धरतो. फोटोत मासा त्याच्या छातीएवढा रुंद दिसतो. शेजारी उभी असलेली कोळीण हसते, कारण तिने तो मासा नुकताच एका हाताने उचलून टोपलीत टाकलेला असतो. मगरीच्या फोटोत हात ताणता येत नाहीत, म्हणून माणूस मागे सरकतो. मेलेली किंवा बांधलेली मगर कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर, माणूस साडेचार मीटरवर. मगर तिप्पट जवळ, म्हणून माणसाच्या मानाने तिप्पट मोठी दिसणार. सात फुटी मगर वीस फुटी झाली, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला हात लावावा लागला नाही. फोटो खरा, मगर खरी, माणूस खरा. खोटं आहे ते फक्त त्यांच्यामधलं अंतर. ब्रिटिश आमदानीतल्या साहेबांच्या शिकारी फोटोंपासून ही युक्ती चालत आली आहे. साहेब बंदूक घेऊन शिकारीच्या मागे, जरा अदबीने लांबच बसलेला असतो.

फोनच्या कॅमेऱ्याने हे काम आणखी सोपं केलं. त्याची लेन्स रुंद, त्यामुळे जवळचं अवाजवी मोठं होतं. सेन्सर चिमुकला, त्यामुळे जवळचं आणि लांबचं सगळंच सारखं स्पष्ट येतं. पूर्वीच्या कॅमेऱ्यात मागचा माणूस थोडा तरी धूसर व्हायचा आणि चोरी पकडली जायची. आता ती खूण गेली. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: माणसाचे पाय कुठे आहेत? मगरीचं पोट जिथे जमिनीला टेकलंय ती रेषा आणि माणसाच्या टाचा जिथे टेकल्यात ती रेषा, यांत किती फरक आहे? आणि टाचा दिसतच नसतील, सगळेजण नेमके मगरीच्या पाठीमागे कमरेपर्यंत झाकून उभे असतील, तर ते तसे का उभे आहेत?

आपल्याकडे मोजपट्ट्या जागोजागी पडलेल्या आहेत, फक्त त्यांच्याकडे कोणी बघत नाही. नदीचा घाट, विहिरीचा कठडा, पुलाचं जुनं बांधकाम, सगळीकडे जांभ्याचे चिरे. चिऱ्याची लांबी साधारण सव्वा फुटाच्या आसपास. मगर घाटाच्या पायरीवर ऊन खात पडली असेल तर नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत किती चिरे भरतात ते मोजावं. सात भरले तर साडेआठ-नऊ फुटांची मगर झाली. चिरेखाणीगणिक माप थोडं बदलतं, मगर पायरीला समांतर पडलेली असेलच असं नाही, शेपूट वळलेली असते, त्यामुळे चूक अर्ध्या-एक फुटाची होईल. अकरा फुटांची होणार नाही.

ज्या फोटोसाठी हे सगळं शिकून घ्यावं असा एक फोटो ऑस्ट्रेलियातला आहे. डार्विन शहराजवळच्या ॲडलेड नदीवर २०११ साली टिपलेला, ब्रूटस नावाच्या मगरीचा. त्या नदीवर पर्यटकांना होडीतून नेतात, काठीला मांसाचा तुकडा टांगतात, आणि मगर त्यासाठी पाण्यातून उभी उसळी घेते. फोटो त्या क्षणाचा आहे. होडीत माणसं, होडीतून बाहेर आलेली काठी, काठीला मांस, आणि होडीला लागून पाण्याबाहेर निघालेलं एक धड. ते पाहिलं की पहिला विचार हाच येतो की हे कोणीतरी चिकटवलंय. छापून आल्यावर जगभर अनेकांनी तसं म्हटलंही.

मगर बाजूला ठेवून काठी बघावी. काठीचं एक टोक होडीतल्या माणसाच्या हातात, दुसरं टोक मगरीच्या जबड्यासमोर. म्हणजे होडी आणि मगर यांच्यातलं अंतर त्या काठीच्या लांबीपेक्षा जास्त असूच शकत नाही. लांबून काढलेल्या फोटोत एका काठीच्या अंतराने आकारात फारसा फरक पडत नाही. सुरमईवाल्या पाहुण्याची चलाखी इथे काठीनेच हाणून पाडली आहे. एका साध्या दांडीने एवढी साक्ष द्यावी आणि ती फोटोच्या मधोमध असूनही कोणाला दिसू नये, हे मला त्या फोटोचं सगळ्यात मोठं सौंदर्य वाटतं.

मग होडीतली माणसं. ती उठून पळत का नाहीत, असा आक्षेप घेता येईल. पण ती पैसे मोजून हेच बघायला आलीत. घाबरलेला चेहरा शोधणाऱ्याने आधी प्रसंग कुठला ते समजून घ्यावं. त्यानंतर पाणी. दुसऱ्या फोटोतून कापून आणलेली मगर स्वतःबरोबर पाणी आणत नाही. जिथे अंग पाण्यातून बाहेर येतं तिथे पाणी खवळलेलं असायला हवं, अंगावरून निथळायला हवं, खाली मोडकी का होईना पण छाया पडायला हवी. बनावट फोटो उघडा पडतो तो बहुतेक याच रेषेवर.

आणि आता मगर. तिच्यात पहिल्यांदा काय दिसतं? मला दिसतो तो नसलेला पाय. पुढचा एक पाय मुळातून गेलेला आहे. शार्कशी झालेल्या झटापटीत तो गेला असं तिथले होडीवाले पर्यटकांना सांगतात. गोष्ट रंगवलेली असेल, पाय मात्र खरोखरच नाही. बनावट फोटो करणारा माणूस मगर मोठी करेल, जबडा उघडेल, दात पांढरे करेल, पण तिचा एक पाय काढून टाकायचं त्याला सुचणार नाही. त्याला धडधाकट राक्षस हवा असतो. नदीत कित्येक दशकं इतर नरांशी मारामाऱ्या करून जगलेलं जनावर धडधाकट राहत नाही. दात झिजलेले, पडलेले असतात, अंगावर जुने व्रण असतात, जबड्याच्या मागे मांस सुटलेलं असतं. ब्रूटसची लांबी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट, असा अंदाज सांगतात. पण हा अंदाज त्या फोटोतून निघत नाही, कारण शेपूट पाण्याखाली आहे. फोटोतून निघतो तो घेर, आणि निघतं म्हातारपण. खरा फोटो बघताना त्यात काय दिसत नाही आणि तरीही आपण काय गृहीत धरलं, याचाही हिशेब ठेवावा लागतो.

म्हातारपणाचा मुद्दा एवढा ताणण्याला कारण आहे. मगर वाढते तेव्हा ती सगळ्या बाजूंनी सारखी वाढत नाही. लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठपटीच्या आसपास जातं. मान भरते, जबड्याच्या मुळाशी गालफडं फुगतात, पोट जमिनीवर पसरतं, डोकं रुंद होतं, आणि त्या डोक्यावर डोळे मात्र लहान वाटू लागतात. पिल्लाचं उलटं. डोळे टपोरे, मुस्कट निमुळतं, मान बारीक, शेपटीवर पट्टे ठळक. म्हणून एखादी सहा फुटी मगर संगणकावर ताणून वीस फुटी केली तर ती मोठी दिसत नाही, जवळ आलेली लहान मगर दिसते. तिचे डोळे चुगली करतात. वाडीतल्या ग्रुपवर फिरणारे निम्मे राक्षस मला असेच दिसतात: वीस फुटांच्या अंगात चार वर्षांचं पोर.

डोक्याचा हिशेबही उपयोगी पडतो. मगरीची एकूण लांबी डोक्याच्या लांबीच्या साधारण सातपट ते नऊपट असते. वीस फूट म्हणायचं तर डोकं सव्वादोन ते पावणेतीन फुटांचं हवं, म्हणजे शेजारी उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या बरंच वर पोचणारं. अमेरिकेत ॲलिगेटरबद्दल एक ठोकताळा आहे की नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत जेवढे इंच, तेवढे फूट लांबी. पाण्याबाहेर नाक आणि डोळे एवढंच दिसत असताना तो बरा पडतो. आपल्या मगरीला तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण शेपटीची कल्पना करत बसण्यापेक्षा जे दिसतंय त्याचं माप घ्यावं ही शिस्त त्यातून येते. पाण्यात मगर पाहिलेला माणूस "केवढी थोरली होती!" असं सांगतो तेव्हा त्याने बघितलेले असतात दोन फुगवटे आणि त्यांच्यामागची एक लाट.

अलीकडे आणखी एक जात आली आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली मगर. हिच्यात कापाकापीची रेषा नसते, पाणी बरोबर निथळतं, सावलीही पडते. इथे शरीररचना कामी येते. पुढच्या पायाला पाच बोटं, मागच्या पायाला चार, आणि नखं फक्त आतल्या तीन बोटांना. शेपटीवर मुळापाशी उभ्या खवल्यांच्या दोन रांगा असतात आणि पुढे जाऊन त्यांची एकच होते. तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेरून दिसतो. जीभ तळाला चिकटलेली असते, ती बाहेर काढता येत नाही, म्हणून जीभ लपलपवणारी मगर दिसली की पुढे बघायचं कारण उरत नाही. बाहुली उभी फट असते. यंत्र बोटं मोजायला अजून कंटाळतं. उद्या शिकेल, मग आपल्याला दुसरं काही शोधावं लागेल.

पण सिंधुदुर्गाच्या फोटोबाबत याहून सोपी परीक्षा आहे, आणि ती मानेवर होते. आपल्या नद्यांत आहे ती गोड्या पाण्यातली मगर. मुस्कट रुंद, अंग राखाडी-तपकिरी. डोक्याच्या लगेच मागे, मानेच्या सुरुवातीला तिला चार ठसठशीत हाडाळ खवले एका आडव्या ओळीत असतात. लोलाँग आणि ब्रूटस ज्या जातीचे, त्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीला तिथे असे खवले बहुधा नसतातच, मान तिथे बोडकी दिसते. ती जात आपल्या देशात आहे, पण ओडिशात भितरकनिकाला, सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारात. पश्चिम किनाऱ्यावर ती एके काळी केरळात होती, आता तिथेही नाही. म्हणजे कालावलच्या नावाने आलेल्या फोटोत मान बोडकी असेल तर मगर खरी असूनही मजकूर खोटा. ती ओडिशातून किंवा ऑस्ट्रेलियातून फोनवर बसून आलीये. आणि मानेवर चार खवले असतील तर मग वीस फूट विसरावेत. या जातीचा मोठा नर बारा-चौदा फुटांचा होतो, पंधराच्या वरचा दुर्मीळ, मादी आठ-नऊ फुटांच्या आसपास. दोन्ही वाटांनी गेलं तरी वीस फुटी मगर मालवणला पोचत नाही. तेवढ्यानेही समाधान न झालेल्याने मागच्या ट्रकची नंबरप्लेट आणि लोकांच्या टोप्या बघाव्यात, किंवा फोटो गूगलवर उलटा शोधावा. बऱ्याचदा तो आधी दहा देशांत दहा नद्यांच्या नावाने फिरून आलेला असतो.

याचा अर्थ आपल्याकडे मगरी नाहीत असा मुळीच नव्हे, आणि फोटोशॉप म्हणून हात झटकणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. बांद्याजवळ तेरेखोलच्या पात्रात त्या आहेत. तिलारीच्या पाण्यात आहेत, कुडाळच्या भंगसाळीत आहेत, आणि हीच भंगसाळ पुढे कर्ली होऊन देवबागेपाशी समुद्राला मिळते. गोड्या पाण्यातली म्हटली तरी ही मगर मचूळ पाण्याला बिचकत नाही. गोव्यात मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात भरती-ओहोटीचं खारं पाणी असतं, कडेने कांदळवन असतं, आणि त्यात या मगरी पिढ्यानपिढ्या राहत आल्यात. तेव्हा खाडीत मगर दिसली ही बातमी सहज खरी असू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला जागा आहे, तिला मारणं सोडाच, छेडणंही गुन्हा आहे. नऊ फुटांची खरी मगर ज्या गावात आहे तिथे वीस फुटांच्या खोट्या मगरीचा फोटो फिरला की लोक नदीत काहीतरी अवाढव्य शोधतात, आणि धुण्याच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर पडलेला ओंडका ओंडकाच राहतो.

आता उलटी बाजू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाकाठी महापूर आला. सांगली-कोल्हापूर बुडाली, खाली बेळगाव जिल्ह्यातही पाणी चढलं. रायबाग तालुक्यातल्या एका बुडालेल्या घराच्या छपरावर मगर बसल्याचं चित्रण तेव्हा देशभर फिरलं. चारी बाजूंना गढूळ पाणी, पाण्यातून वर राहिलेलं छप्पर, छपरावर मगर. कोणीही म्हणेल, हे बनवलेलंच असणार. पण ते खरं होतं. आणि नीट बघितलं तर त्यात अविश्वसनीय असं काहीच नाही. कृष्णेत मगरी आहेत, सांगलीकरांना ते सांगायला नको. पुराच्या ओढीत मगरीला टिकता येत नाही, ती कडेच्या संथ पाण्यात सरकते. तिला अंग टेकायला काठ लागतो. त्या दिवशी त्या गावात काठ उरलेला नव्हता, म्हणून तिने उतार असलेली, पाण्याला भिडलेली एकमेव जागा निवडली, ती नेमकी कोणाच्या तरी घराची निघाली. त्या मगरीबद्दल वीस फुटांचा दावा करायची कोणाला गरज भासली नाही, यावरूनच मला तरी ती खरी वाटली असती. छपरावरची मगर हीच बातमी पुरेशी होती.

चिपळूणचं चित्रण याच जातीचं. ३० जून २०२४ ची रात्र, धो धो पाऊस, आणि शहरातल्या रस्त्यावरून चालत निघालेली मगर. वाशिष्ठीत मगरी आहेत हे चिपळूणकरांना पिढ्यानपिढ्या माहीत, त्यामुळे तिथल्या लोकांना आश्चर्य मगरीचं नव्हतं, तिने मुख्य रस्ता धरल्याचं होतं. त्या चित्रणात मला आवडतो तो ओला रस्ता. गाड्यांच्या दिव्यांचा उजेड डांबरावर सांडलाय, मगरीच्या अंगावर तो येतो आणि सरकतो, तिच्याबरोबर तिची छाया चालते. आणि मोजपट्टी म्हणून चक्क एक रिक्षा हजर आहे. आपली तीनचाकी रिक्षा पुढच्या चाकापासून मागच्या टोकापर्यंत साडेआठ फुटांच्या आतबाहेर. मगर आठ फुटी असल्याचं बातम्यांत आलं होतं, ते रिक्षाशेजारी पटतं. चिंचोळ्या रस्त्यावर आठ फुटांची मगर पुरेशी मोठी असते. तिला आणखी बारा फूट जोडायची हौस कशाला?

कोकणात मगरीची एक प्रतिमा मात्र अशी आहे की तिला कोणी खरी-खोटी विचारत नाही. गोव्यात फोंडा तालुक्यात दुर्भाट, भोम या भागांत पौष अमावस्येला शेतकरी खाजन जमिनीत मातीची मगर घडवतात. मानगे थापणी म्हणतात तिला. चिखल थापून अंग, शिंपल्यांनी आणि काटक्यांनी खवले, दात आणि डोळे. मग तिची पूजा होते आणि बांधाची, शेताची, माणसांची राखण करायला तिला विनवलं जातं. ही मगर कुंभारजुव्याच्या कालव्याची शेजारीण आहे. घडवणारे हात खऱ्या मगरीला रोज लांबून बघणारे आहेत, आणि तरी त्यांना तिची लांबी मोजावीशी वाटलेली नाही. दात असायला हवेत, पाठ खरखरीत हवी, शेपूट हवी. भीती वाटावी एवढी ओळख पटली की काम झालं. फोटोवाल्यांनी वीस फूट लिहून जे साधायचा प्रयत्न केला ते इथे मूठभर शिंपल्यांनी साधतं.

मातीच्या नाही, पण घडवलेल्याच एका मगरीने ऑस्ट्रेलियातलं नॉर्मंटन हे छोटं गाव प्रसिद्ध केलं. १९५७ साली तिथल्या नॉर्मन नदीकाठी क्रिस्टीना पाव्लोव्स्की या शिकारी बाईंनी एक नर मारला. त्याची लांबी ८.६३ मीटर सांगतात, म्हणजे अठ्ठावीस फुटांच्या वर, लोलाँगपेक्षा तब्बल आठ फूट जास्त. तपासता येईल असं मागे काहीच राहिलं नाही, कवटी नाही, कातडं नाही, भरवशाचा फोटोही नाही. पुढे त्याच बाई मगरींच्या शिकारीविरुद्ध बोलू लागल्या. तज्ज्ञ तो आकडा मान्य करत नाहीत, गाव तो सोडत नाही. नॉर्मंटनच्या लोकांनी त्या मापाची पूर्णाकृती प्रतिमा करून भर गावात ठेवली आहे, आणि येणारे-जाणारे तिच्यापाशी फोटो काढून घेतात. त्या फोटोंत माणूस थेट मगरीच्या तोंडाशी उभा असतो, टाचा स्पष्ट दिसतात, हात जबड्यावर टेकलेला असतो. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षांना ते फोटो उतरतात.